आठ वर्गांचं अंदाजपत्रक

३ फेब्रुवारी

आज दादाच्या टेबलावर कपाटाच्या किल्ल्या ठेवल्या आणि आमच्या बांधकामाच्या ऑफिसातून बाहेर पडले. एकोणीस वर्षांनी. दार आपटणार होते, पण त्याच्या बिजागऱ्या मीच गेल्या महिन्यात बदलून घेतल्या होत्या. जिवावर आलं.

भांडण एका आकड्यावरून झालं. आठ वर्गांच्या शाळेची निविदा निघाली आहे, खाली चार खोल्या, वर चार. जागेवर चार चाचणी खड्डे घेतलेत. तीन खड्ड्यांत पक्का थर दोन मीटरवर लागला. चौथ्यात, मागच्या कोपऱ्यात, साडेतीन मीटरवर. तिथं पूर्वी विटांसाठी माती काढायचे, नंतर कुणीतरी राडारोडा टाकून तो खड्डा बुजवला. मी त्या कोपऱ्याचा पाया साडेतीन मीटर धरला होता. दादानं लाल पेनानं खोडून दोन केला.

"सगळीकडे दोन धर. आकडा खाली आला पाहिजे."

"आणि खणल्यावर?"

"खणल्यावर बघू. जादा काम म्हणून बिल लावू."

"एकरकमी निविदा आहे दादा. जादा काही मिळत नाही. मग?"

"मग काय मग! एकदा काँक्रीट पडलं की आत किती खोल आहे ते कोण मोजायला बसलंय?"

हे बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. खिडकीबाहेर उभ्या मिक्सरकडे बघत होता. दोन जुन्या कामांची बिलं अडकलीत, चाळीस माणसं सांभाळायचीत, हे त्यानं तीनदा सांगितलं. मला का सांगतो? ते आकडे मीच तर मांडते.

मी म्हटलं, "या कागदावर माझी सही होणार नाही."

तो म्हणाला, "तुझी सही लागतेच कुठं?"

खरंय. एकोणीस वर्षांत आमच्या कंपनीच्या एकाही कागदावर माझी सही नाही.

४ फेब्रुवारी

आईला सकाळी सांगितलं. आम्ही दोघी खालच्या मजल्यावर राहतो, दादा-वहिनी वर. त्यामुळे तिला रात्रीच कळलं असणार, पण तिनं पहिल्यांदाच ऐकतेय असा चेहरा केला.

"बरं केलंस. वीस वर्षं उशिरा केलंस."

"एकोणीस."

"तेच ते. बापासारखी दशांश काढत बसू नकोस."

मग मी तिला दुसरी गोष्ट सांगितली. मी त्याच शाळेची निविदा भरणार आहे. माझ्या नावावर ठेकेदाराची नोंदणी आहे. बाबांनी कधीतरी कसल्याशा सवलतीसाठी केली होती. दरवर्षी शुल्क भरून मी ती चालू ठेवत आले, का ते मलाच माहीत नाही.

आई शेंगा सोलायची थांबली. "दादाच्या विरोधात?"

"दादाच्या विरोधात नाही. दोन मीटरच्या विरोधात."

"हं," आई म्हणाली. तिचं हे 'हं' मला या वयातही उलगडलेलं नाही.

९ फेब्रुवारी

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली. एक टेबल, दोन खुर्च्या, एक खिडकी. खालून दिवसभर चाकं फिरवल्याचा आवाज येतो. दुकानदार सज्जन आहे. हवा मारायची तर फुकट म्हणाला. माझ्याकडे सायकल नाही.

दुपारी ओळंबा आला. आमचा सगळ्यात जुना गवंडी. त्याला सगळे ओळंबाच म्हणतात, कारण भिंत असो की माणूस, तिरकं दिसलं की तो तोंडावर सांगतो. खुर्चीवर न बसता आधी त्यानं खोलीचा कोपरा डोळ्यानं मापला.

"ताई, ही भिंत बाहेर झुकलीय."

"भाड्याची आहे. झुकू दे."

"मी तुमच्याकडं येतोय कामाला."

"काम मिळालेलं नाही अजून."

"मिळेल तेव्हा येतो. आत्ता फक्त सांगायला आलो."

तो गेला. मग नाक पुसलं आणि दरांची यादी काढायला घेतली.

१४ फेब्रुवारी

वहिनीचा फोन. गेल्या वर्षीचे वाळूचे दर कुठल्या फाइलमध्ये आहेत? सांगितलं. तासाभरानं परत फोन. ती फाइल उघडायची कशी? तेही सांगितलं. संध्याकाळी तिसरा फोन. "हे विचारत होते, तुमच्या त्या खोलीत पंखा आहे का?"

सरळ सरळ हेरगिरी आहे. मी म्हटलं, आहे. नाहीये.

वहिनीकडून एक बातमी मात्र कळली. दादानं माझ्या जागी नवीन माणूस ठेवलाय. टाय लावून येतो. त्याचा पगार ऐकून मी दोनदा विचारलं, नीट ऐकू आलं ना म्हणून. काय तो आकडा! नुसतं बसून बेरजा करायला? माणूस दादाला चांगलाच गुंडाळतोय.

२० फेब्रुवारी

अंदाजपत्रक आज पूर्ण झालं. इथं नोंदवून ठेवते, कारण असं काम पुन्हा माझ्या हातून होईलसं वाटत नाही.

खणलेली माती फुगते. जमिनीतली शंभर घनमीटर बाहेर आली की सव्वाशेच्या वर जाते, आणि ट्रक भरतात ते फुगलेल्या मातीनं. निम्मे ठेकेदार इथंच गोत्यात येतात. मी फुगलेली धरली. गिलाव्यातून खिडक्यादारांचं क्षेत्र वजा केलं, पण त्यांच्या कडांचा गिलावा मिळवला. काँक्रीटवर एकवीस दिवस मारायचं पाणी धरलं, ते पाणी मारणारा माणूस धरला, त्याच्या रबरी पाइपची दोन वेळा होणारी चोरी धरली. फळ्यामागची भिंत गुळगुळीत हवी, तिचा दर वेगळा लावला. कोपरा साडेतीन मीटर, वर अर्धा मीटर जास्त निघाला तर त्याचीही तरतूद. नफा सहा टक्के. बाबा म्हणायचे, नफा म्हणजे पुढच्या कामाचं भांडवल, त्याला घरखर्चाचा हात लावायचा नाही. तेही पाळलं.

नमुना आमच्या कंपनीचाच वापरला. एकोणीस वर्षं तोच टाइप करतेय, डोळे मिटून होतो.

आई चष्मा लावून सगळी पानं वाचत बसली. तिला आकड्यांतलं फारसं कळत नाही, पण ओळी वाचायला आवडतात.

"शेवटी हे काय? देखरेख आणि कार्यालय. पुढं लिहिलंय, घरचे. आणि रकमेत नुसती रेघ."

"ते नेहमीचंच आहे. बाबांच्या वेळेपासून तसंच लिहितात. म्हणजे त्याचा खर्च नाही."

"घरचे म्हणजे कोण?"

"म्हणजे मी. साइटवर मीच उभी राहणार, हिशेबही मीच करणार. बाहेरचा माणूस नको, तेवढीच बचत."

"माणसं सगळी धरलीस ना पण?"

"सहा गवंडी, चौदा मजूर, दोन सुतार, पाणीवाला, राखणदार. सगळी."

"हं."

नाही कळत मला ते 'हं'.

२ मार्च

निविदा उघडल्या. पाच जण होते. सगळ्यात कमी माझी!

शाळेच्या बाजूनं काम बघणाऱ्या इंजिनिअरबाईंनी आकडे मोठ्यानं वाचले. दादाचा दुसरा, माझ्यापेक्षा साडेचार टक्क्यांनी वर. कोपऱ्यात दीड मीटर खाऊनसुद्धा वर. मला हसू आवरेना. टायवाल्यानं चांगलंच पाणी मुरवलेलं दिसतंय.

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. नाकाला मिरच्या झोंबल्या असणार. आधी माझ्या आकड्याकडे बघितलं, मग कागदावर काहीतरी वजाबाकी केली, मग माझ्याकडे बघत राहिला. जिन्यात गाठलंच त्यानं.

"तू काहीतरी विसरलीयस."

"हो. तुला विचारायला विसरले."

"मी मस्करी करत नाहीये. नीट बघ पुन्हा."

"हरलास की असंच वाटतं रे सगळ्यांना."

तो दोन-दोन पायऱ्या उतरत गेला. वाक्य छान जमलं होतं. घरी येईपर्यंत मनात चार वेळा म्हणून बघितलं.

५ मार्च

दादाचा आईला फोन आला. मी घेतला नाही म्हणून आईला. आई ऐकत होती, फक्त "अच्छा" आणि "बरं" म्हणत होती. फोन ठेवला आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"दादा म्हणतोय, तिला विचार, 'घरचे'पुढं काय लिहिलंय."

"रेघ."

"त्यानं यावेळी तिथं त्या टायवाल्याचा पगार लिहिलाय. म्हणून त्याचा आकडा वर गेला. त्याला पहिल्यांदा लिहावा लागला, असं म्हणाला."

मी कागद काढला. रेघ होती. पाणीवाल्याच्या पाइपची चोरी धरणाऱ्या बाईनं वर्षभर स्वतः काय खायचं ते धरलं नव्हतं.

"तुला दिसलं होतं," मी आईला म्हटलं.

"दिसलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझ्या बाबांच्या वेळी ते 'घरचे' मी होते. मजुरांचे हजेरीपट मी लिहायचे, सिमेंटची पोती मी मोजून घ्यायचे. कुणीतरी स्वतःहून विचारेल म्हणून मी अख्खा जन्म वाट बघितली. वाटलं, तू तरी विचारशील."

आई शेंगांकडे गेली.

६ मार्च

दिलेला आकडा वाढवता येत नाही. माघार घेता येते, पण मग भरलेली अनामत बुडते आणि काम दुसऱ्या नंबरला जातं. म्हणजे दादाला. म्हणजे दोन मीटरला.

आज त्याचा फोन मीच घेतला.

"माघार घे. अनामत मी भरतो. आणि ये परत. पगार देतो, त्या टायवाल्याएवढाच. काय?"

एकोणीस वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली नव्हती ते ऐकायला किती बरं वाटतं, हे मला माहीत नव्हतं.

"कोपऱ्याचं काय?"

"कुठला कोपरा?"

"दादा."

"अडीच करतो. चल. अडीच."

"पक्का थर घासाघीस करून वर येत नाही."

"ऐकून घे, साडेतीन केला तर या कामात माझ्या हाती काही उरत नाही. माझ्याकडे—"

"चाळीस माणसं आहेत. माहितीये. त्या शाळेत तीनशे बसणार आहेत."

"फुकट राबशील वर्षभर!"

"तुझ्याकडं राबले तेव्हा नाही सुचलं हे?"

फोन त्यानं ठेवला की मी, आठवत नाही. माघार घेणार नाही. फुकटही राबणार नाही. दोन्ही कसं जमवायचं ते ठाऊक नाही, पण या दोन ओळी लिहून ठेवते, म्हणजे उद्या मला खोडता येणार नाहीत.

८ मार्च

तीन दिवस आकड्यांशी झटापट. सळई कमी करायची नाही, सिमेंट कमी करायचं नाही, कोपऱ्याला हात लावायचा नाही. मग उरतं काय? मजुरी? ओळंब्याला विचारलं तर म्हणाला, "आमचे दर कमी करा, ताई. चालेल."

मी त्याच्यावर ओरडले. स्वतःला विसरले ते पुरे झालं, आता दुसऱ्याचं कापू? तो हसला. मला वाटतं, परीक्षाच बघत होता.

मग तोच म्हणाला, "स्लॅबच्या प्लेटा किती धरल्यात?"

"चार खोल्यांच्या. खालचे चार वर्ग एकदम भरायचे, मग तेवढ्याच वर."

"एवढी घाई कुणाला?"

दोघं कागदावर बसलो. स्लॅबखालच्या लोखंडी प्लेटा आणि टेकू भाड्यानं येतात, महिन्यावर. चार खोल्यांचा संच चार महिने धरला होता. त्याऐवजी दोनच खोल्यांचा आणायचा आणि तोच चारदा फिरवायचा, तर सहा महिने लागतात. पण दोन खोल्या गुणिले सहा म्हणजे बारा, चार गुणिले चार म्हणजे सोळा. भाडं पाव हिश्श्यानं खाली आलं. काम दोन महिने लांबतं, म्हणजे राखणदाराचे दोन पगार वाढले, पण मुदत चौदा महिन्यांची आहे आणि मी बारात संपवणार होते. इमारतीतून मूठभर वाळूसुद्धा कमी झाली नाही.

त्यात माझा सात महिन्यांचा पगार निघाला. चौदाचा हवा.

उरलेला नफ्यातून काढणार. नफा सहाचा तीन टक्क्यांवर येतो. बाबा, तुमचा नियम मोडला. तो पाळणं तुम्हाला परवडत होतं, कारण आई फुकट होती.

१२ मार्च

करारावर सही. इंजिनिअरबाईंनी अंदाजपत्रक चाळलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तुमचा आकडा फार खाली आहे. मला भीती वाटते अशा आकड्यांची. पायाच्या खोलीत नाही ना खाल्लंय?"

"कोपरा साडेतीन मीटर आहे. काँक्रीट टाकण्याआधी तुम्ही स्वतः उतरून मोजा. तुम्ही मोजल्याशिवाय मी टाकणार नाही, हे करारात लिहा."

"असं कुणी मागत नाही हो."

"मी मागतेय."

त्यांनी लिहिलं. मग सहीची जागा दाखवली. माझी सही इतकी वाकडी आली की बाईंनी विचारलं, पेन बदलून देऊ का?

९ एप्रिल

कोपरा खणला. दोन मीटरवर ओळंब्यानं सळई टोचली, लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. अडीचला काचा, कौलांचे तुकडे, एक चप्पल. साडेतीनला भुसभुशीतच. पावणेचारला सळई खण्ण वाजली.

इंजिनिअरबाई शिडीनं खाली उतरल्या, टेप लावला, वर येऊन हातावरची माती झटकली आणि वहीत आकडा लिहिला. धरलेल्या अर्ध्या मीटरपैकी पाव मीटर अजून माझ्याकडे शिल्लक आहे.

दुपारी दादाची गाडी रस्त्यापलीकडे उभी दिसली. उतरला नाही. बहुतेक आमचं मनुष्यबळ मोजत असणार. स्पर्धक म्हणून लक्ष ठेवणारच. पण मग चालत कुंपणापर्यंत आला, खड्ड्यात बघितलं, खूप वेळ बघितलं, आणि ओळंब्याला म्हणाला, "खड्ड्याच्या बाजू नीट धरून ठेवा रे, तुमची ताई खाली उतरते मधेमधे." मला हाकही मारली नाही. आखडू आहे.

१ मे

पहिला पगार. टेबल साइटवरच लावलं. ओळंबा नावं पुकारत होता, माणसं येऊन सही-अंगठा करत होती. शेवटचं नाव त्यानं माझं पुकारलं, आख्ख्या साइटला ऐकू जाईल असं. सगळे खो खो हसले. मी रांगेत उभी राहिले, पाकीट घेतलं, सही केली. या वेळी सरळ आली.

घरी आईनं पाकीट उघडायला लावलं. मग म्हणाली, "हजेरीपट कोण लिहितं तुझा?"

"मीच."

"अक्षर घाण आहे तुझं. उद्यापासून मी लिहीन. काय देशील?"

अर्धा तास घासाघीस चालली. म्हातारी ऐकेना. तिच्या पगाराची नवी ओळ टाकावी लागली, नफा आणखी थोडा खाली गेला.

१७ मे

दुपारी दादा साइटवर आला. या वेळी आत. काखेत नकाशांची गुंडाळी. टायवाला गेल्या आठवड्यात सोडून गेला म्हणे, आणि एका दवाखान्याची निविदा सोमवारी भरायचीय. रोडावलाय. वहिनी जेवायला घालते की नाही?

"जरा नजर टाक," तो म्हणाला, आणि गुंडाळी माझ्या टेबलावर पसरली. "तू बघितल्याशिवाय पायाच्या कामाला हात लावणार नाही मी. शपथ."

मी नकाशे बघितले. तळघर आहे. शेजारच्या इमारतीची भिंत अगदी लागून. अवघड काम आहे, मजेचं आहे. हात शिवशिवले.

"चार दिवस लागतील. फी दोन टक्के. अर्धी आगाऊ."

तो हसला. मी हसले नाही, तेव्हा थांबला.

"बहिणीला फी द्यायची?"

"बहीण फुकट आहे. कधीही ये, चहा पी. फी अंदाजपत्रकाची."

"दोन टक्के! अगं लोक एक घेतात!"

"मग लोकांकडे जा."

"आईला सांगतो मी."

"सांग. ती बघ बसलीय तिथं, हजेरीपट लिहितेय. तू येशील म्हणून दर तिनंच ठरवून ठेवलाय. मी दीडच म्हणत होते."

दादानं आईकडे बघितलं. आईनं मान वर केली नाही, फक्त पेन कागदावर तसंच टेकवून ठेवलं. दादानं खिशातून चेकबुक काढलं, टेबलाच्या कडेवर ठेवलं, आणि विचारलं, "नाव काय टाकू?"

एकोणीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेल्या भावाला मी माझं पूर्ण नाव सांगितलं. सावकाश, अक्षर अक्षर सुटं करून. त्यानं तसंच लिहिलं.